काठावरचा सूर

४ फेब्रुवारी

कलासंस्थेच्या संचालिकाबाईंचं फर्मान आहे की कलाकाराने आपल्या निर्मितीच्या नोंदी ठेवाव्यात. प्रयोगाच्या दिवशी त्या काचेच्या पेटीत मांडणार आहेत. ती वही वेगळी. तिच्यात मी 'अवकाश', 'संवाद', 'अस्वस्थ शांतता' असले शब्द पेरून ठेवतो, बाई खूश होतात. ही वही माझी. इथे खोटं लिहायचं कारण नाही, कारण वाचणारा मीच, आणि माझ्याइतका बरा वाचक मला या गावात अजून भेटलेला नाही.

काल वाचनालयाच्या वरच्या दालनात 'पक्ष्यांविना' सादर केलं. आमच्या गच्चीत पक्षी येईनासे झालेत. पूर्वी सकाळी नुसता कल्लोळ असायचा, आता काही म्हणजे काही नाही. कुणाला त्याचा पत्ता नाही, खंत तर दूरच. म्हणून मी महिनाभर रोज सकाळी गच्चीत माइक लावून ती बिनपक्ष्यांची सकाळ टिपली. यंत्राचा काटा अधूनमधून उड्या मारायचा. वारा, दुसरं काय. संगणकाच्या पडद्यावर रंगीत आकृत्या बघत काम करणाऱ्यांतला मी नाही. डोळ्यांनी ऐकणारी जमात ती. मी कानांवर जगतो.

तर दिवे मंद केले, लोकांना बसवलं आणि ती उजाड सकाळ ऐकवली. एका जिवंत गोष्टीचं नसणं. संपल्यावर एक आजीबाई माझा हात हातात घेऊन म्हणतात, "किती गोड चिवचिवाट हो! लहानपण आठवलं." मी म्हटलं, "बाई, त्यात एकही पक्षी नाही." त्या खळखळून हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला. मागोमाग घंटावाला आला. हा पाण्याच्या बादलीत घंटा बुडवून वाजवतो आणि त्यावर त्याला देशोदेशी बोलावतात. तो पाठीवर थाप मारून म्हणाला, "नाव काय तिरकस दिलंयस रे! पक्ष्यांविना!" आणि डोळा मारला. कशाबद्दल, देव जाणे.

मी कपाळाला हात लावला. पत्रकावर 'पक्षी' शब्द छापला की यांच्या डोक्यात पक्षी किलबिलायला लागतात. कान नावाचा अवयव यांना चष्म्याच्या काड्या अडकवायला दिलेला आहे.

ताईला विचारलं, कसं वाटलं. "छान झालं रे," म्हणाली आणि पिशवीची चेन लावत बसली. ताईने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा नाही.

९ फेब्रुवारी

मी थोरल्या बहिणीकडे राहतो, हे लिहून टाकलेलं बरं. मागची खोली माझी. तिथे माझी यंत्रं, वायरी, लोखंडी पत्रे. बाकीच्या घरात ताई, दाजी आणि दाजींचा टीव्ही. स्वतंत्र कलाकार म्हणजे काय, याची फोड दाजी अशी करतात: "कुणाचा नोकर नाही, म्हणून बायकोच्या भावाचं सगळं आम्ही बघतो." आणि स्वतःच हसतात.

दाजी छापखान्यात होते. तिथल्या यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले. आता कानात मशीन घालतात, आणि दर थोड्या वेळाने ते काढून टेबलावर ठेवतात, चष्म्याशेजारी. माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला येतात, तिसऱ्या रांगेत बसतात आणि डोळे मिटून घेतात. मशीन काढून, अर्थात. "उस्ताद, तुमचा कार्यक्रम मशीनशिवाय जास्त रंगतो," असं तोंडावर सांगतात. ज्याच्या कानांचा कारभार आटोपला त्याच्याकडून ही समीक्षा.

आज सकाळी चहा घेत होतो. ते मशीन माझ्या कपाशेजारीच पडलं होतं, त्यावर दाजींनी रुमाल टाकलेला. ताई आतून ओरडली, "अहो, शिट्टी! शिट्टी वाजतेय मशीनची, बंद करा आधी!" म्हणे त्यावर काही झाकलं किंवा ते मुठीत धरलं की ते शिट्टी मारतं. मी वीतभर अंतरावर बसलोय, मला काही ऐकू येत नाही आणि हिला तिकडे ओट्यापाशी शिट्ट्या! वय झालं की माणसाला भास होतात. मी तसं म्हणालोही. ताईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग रुमाल उचलून मशीन बंद केलं.

आणखी एक. लोक हल्ली पुटपुटतात. दुकानदार, बातम्या देणारे, फोनवरच्या मुली, सगळे तोंडात गोळी धरल्यासारखे बोलतात. शब्दांच्या कडाच उरल्या नाहीत. आणि अशा लोकांसाठी मी ध्वनीची कला करतो.

१८ फेब्रुवारी

टाकी पाहिली. शहराला पाणी पुरवणारी जुनी जमिनीखालची टाकी, आता कोरडी, संचालिकाबाईंच्या संस्थेने प्रयोगांसाठी घेतलीय. विटांच्या कमानी, खांबांमागे खांब. मी टाळी वाजवली. टाळी चालत पार शेवटपर्यंत गेली आणि सावकाश परत आली. एवढा शहाणा श्रोता मला आजवर मिळाला नव्हता.

बाई शालीत तोंड खुपसून काहीबाही बोलत होत्या. मी मान डोलावत होतो. त्यातून एवढं कळलं की पाच एप्रिलला टाकीतला पहिला प्रयोग माझा, आणि तो बघायला बाहेरचे निमंत्रकही येणार आहेत. इथे जमलं तर पुढे दारं उघडतील, नाही जमलं तर घंटावाला उभाच आहे बादली घेऊन. माझ्या वयाला दुसरी संधी कुणी देत नाही. माझ्याकडे आता दोनच गोष्टी आहेत, माझे कान आणि ही टाकी.

रचनेचं नाव 'काठ'. कल्पना साधी आहे, म्हणून कुणाला सुचली नाही. पोलादी पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. त्यातून एक बारीक, उंच सूर निघतो. आधी तो बोटांना कळतो, मग कानांना. तो माइकमधून सगळ्या जागेत सोडायचा, पण इतकाच की जेमतेम ऐकू यावा. आहे की नाही, असा. ऐकू येण्याच्या अगदी काठावर. माणसाने श्वास रोखून, पुढे वाकून तो शोधावा. लोकांना आवाज फुकट मिळतो म्हणून ते ऐकत नाहीत. मी त्यांना ऐकायला लावणार.

३ मार्च

टाकीच्या आधी दोन तालमीवजा प्रयोग करायचे ठरवलेत. पहिला काल नृत्यशाळेच्या हॉलमध्ये झाला, आणि माझं टाळकं सटकलंय.

पातळी मी नेहमीसारखीच लावली. सूर आधी टिपून घेतलेला असतो, तो स्पीकरमधून सोडायचा, स्वतः शेवटच्या रांगेत उभं राहायचं आणि तो जेमतेम कानाला लागेपर्यंत वाढवत न्यायचा. पूर्वी थोडक्यात काम व्हायचं. हल्लीचे स्पीकर इतके भिकार आहेत की बटण पार वर न्यावं लागतं. मी ते करत असताना हॉलचा रखवालदार दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आला आणि हातवारे करायला लागला. मी त्याला बाहेर काढला. तालमीच्या वेळी तमाशे नकोत.

मग मिक्सरपाशी ताईला बसवलं. हे काम तिच्याकडे कित्येक वर्षं आहे. मिक्सर हॉलच्या मध्यभागी असतो, मी पुढे लोकांकडे पाठ करून पत्रा वाजवत असतो. तिने फक्त शेजारी बसायचं आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. एवढं तिला जमतं.

लोक निवांत बसून राहिले. निवांत! कुणी पुढे वाकलं नाही, कुणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. शेवटी एक बाई म्हणाल्या, "खूप शांत वाटलं, अगदी झोप लागली." मला सुद्धा सूर लागत नव्हता, वाटलं, पत्राच दमला असेल. नंतर आवराआवर करताना पाहतो तर मिक्सरवरचं वरच्या सुरांचं बटण तळाशी! मी जिथे ठेवलं होतं तिथून पार खाली!

मी हॉलवाल्याला फाडून खाल्लं. रखवालदाराने सूड उगवला, दुसरं काय. तो शपथा घेत होता. ताईला विचारलं, "तू डोळे मिटून बसली होतीस का?" ती पिशवीत काहीतरी शोधत म्हणाली, "माझं लक्ष नसेल रे." दाजी दाराशी उभे राहून आढ्याकडे बघत होते. या दोघांना कुठे ठेवावं तिथे ते निरुपयोगी ठरतात.

१४ मार्च

जिंकलो!

दुसरा प्रयोग कॉलेजच्या सभागृहात. या वेळी मी ते बटण लावलं आणि त्यावर काळी चिकटपट्टी ठोकली, आडवी-उभी. ताई बघत होती. "पट्टी कशाला रे?" म्हणाली. "चोरांसाठी," म्हटलं.

गज पत्र्याला लावला आणि पाठीमागे हालचाल जाणवली. खुर्च्या सरकल्या. पायांचा आवाज. मी वळलो नाही, मी कधीच वळत नाही. सूर काठावर होता, बरोबर मला हवा तिथे, आणि मी त्याच्यावर अलगद तोल सांभाळत होतो. फार दिवसांनी असं झालं. संपवून वळलो तर सभागृह जवळजवळ रिकामं. उरलेले दारापाशी गोळा झालेले, कानांत बोटं घालून. एक तरुणी रडत होती.

कलेने माणसं हलली पाहिजेत म्हणतात ना, ती उठून पळालीच! एवढासा सूर यांना सोसवत नाही. शांततेला इतके घाबरतात हे लोक.

शेवटपर्यंत जागेवर बसलेला माणूस एकच, आमचे दाजी. तिसरी रांग, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. मशीन खिशात.

एक गोष्ट मात्र टोचली, लिहितो. ताईही बाहेर उभी होती. मिक्सर सोडून. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं.

१५ मार्च

बाईंचा फोन. पुटपुटणं नाही, आज चक्क ओरडत होत्या. कॉलेजकडून तक्रारी गेल्यात. टाकीत आवाज घुमतो, तिथे असलं काही चालणार नाही. त्यांचा माणूस येऊन पातळी ठरवणार असेल तर प्रयोग होईल, नाहीतर घंटावाल्याला तारीख देतील. मी म्हटलं, "माझ्या कानांवर दुसऱ्याचे कान बसवू देणार नाही." त्या म्हणाल्या, आठवड्याभरात कळवा.

फोन ठेवला तर ताई दारात.

"अरे, त्या बाईचं बरोबर आहे," ती म्हणाली. "कानात सुई घालून फिरवावी तसं होत होतं काल. त्या मुलीचं डोकं दुखायला लागलं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही. पण ऐकू येतं." मग म्हणाली, "बटण मी खाली करायचे. दर वेळी. तू पाठ केलीस की."

मला आधी समजेचना. दर वेळी म्हणजे? म्हणजे गोदामातला प्रयोग, चित्रशाळेतला, ज्याबद्दल वर्तमानपत्रात 'तरल' वगैरे छापून आलं होतं तो, सगळे? ती मान हलवत होती. आधी थोडंसंच खाली करावं लागायचं, म्हणाली, मग दर वर्षी जास्त जास्त.

मी नको ते बोललो. म्हटलं, माझ्या कामात तू वर्षानुवर्षं घाण कालवलीस. भूगोलाच्या बाईने नकाशे रंगवावेत. ती म्हणाली, "कानाच्या डॉक्टरांकडे चल एकदा. मी येते बरोबर." मी म्हटलं, "या घरात एक बहिरा पुरे झाला."

दाजी टीव्हीसमोर बसले होते. मशीन कानात होतं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

१९ मार्च

कुणी कुणाशी बोलत नाही. ताई माझं ताट झाकून ठेवते आणि निघून जाते.

बाईंना पाठवायचं उत्तर तयार आहे. त्यात त्यांची, त्यांच्या माणसाची आणि टाकीत बसू पाहणाऱ्या तमाम मेंढरांची मी पुरती सालटी काढलीत. फार सुंदर उतरलंय. पाठवलं की टाकी गेली, हे मला कळतं. अजून पाठवलेलं नाही. उद्या पाठवीन.

माझे कान बिघडले असतील, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. कारखान्यांच्या भोंग्यांचे सूर मी नुसते ऐकून ओळखतो. कान गेलेत ते ताईचे. फाजील तीक्ष्ण झालेत, तोही एक रोगच.

२२ मार्च

रविवार. दाजी आंघोळीला गेले होते, ताई गच्चीत कपडे वाळत घालत होती. टेबलावर ते मशीन पडलेलं. मला ताईचा रोग सिद्ध करायचा होता, बाकी काही नाही. ती दूर, माझ्याकडे पाठ, मध्ये दार. मी मशीन उचलून मूठ मिटली.

मला काही ऐकू आलं नाही. येणार नव्हतंच.

गच्चीतून ताई म्हणाली, "अहो, शिट्टी!"

मी मूठ उघडली. ती गप्प. योगायोग असेल म्हणून जरा थांबलो. ताई चादर झटकत होती. पुन्हा मिटली. "अहो, बंद करा ना ते!" उघडली. गप्प. मिटली. आता न्हाणीघरातून नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि ताईची पावलं दाराकडे यायला लागली. मी मूठ कानाला लावली. मग दुसऱ्या कानाला. मूठ इतकी घट्ट आवळली की बोटं पांढरी पडली. काही नाही. माझ्या तळहातात काहीतरी किंचाळत होतं, भिंतीपलीकडे ते ताईला ऐकू येत होतं, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

ताई दारात येऊन उभी राहिली, ओला टॉवेल खांद्यावर. माझ्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता वाजतंय?" मी विचारलं.

"हो रे," ती म्हणाली.

मी मूठ उघडली. "आता?"

"आता नाही."

तिने मशीन माझ्या हातातून घेतलं आणि बंद केलं. मी घाबरलो होतो, हे लिहितो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

२३ मार्च

दुपारी दाजी माझ्या खोलीत आले. ते इथे कधी येत नाहीत, वायरींत पाय अडकतो म्हणतात. कानातलं मशीन काढून, रुमालाने पुसून माझ्यासमोर धरलं. "घालून बघ. माझ्या मापाचं आहे, तुला बेताचंच चालेल. पण अंदाज येईल."

मी म्हटलं, "दाजी, त्या दिवशी मी जे बोललो ते..."

"ऐकू आलं नाही मला," ते म्हणाले. मशीन त्यांच्या कानात होतं, मी स्वतः पाहिलं होतं. "माझे छापखान्याने खाल्ले, तुझे तुझ्या हेडफोनने. त्यात काय एवढं, उस्ताद."

ते गेल्यावर मी ते कानात बसवलं. आधी सगळं घर वाळूसारखं करकरायला लागलं. माझी बाही, कागद, स्वतःचा श्वास. किळस आली. मग 'पक्ष्यांविना' लावलं.

चिमण्या होत्या. नुसत्या चिमण्या नाहीत, अजून कितीतरी. एक लांबून शीळ घालणारा, एक टकटक करणारा, आणि माइकच्या अगदी शेजारी कुणीतरी बारीक आवाजात कडाकडा भांडत असलेलं. मध्येच दार वाजलं, ताईचा आवाज आला, "या, या," आणि ताटलीतून काहीतरी सांडल्याचा आवाज. मग जो गिल्ला झाला! महिनाभर ताई माझ्या त्या उजाड सकाळीत पक्ष्यांना दाणे टाकत होती, आणि मी आत यंत्रापाशी बसून ते गेल्याचं दुःख करत होतो.

त्या आजीबाईंना मी मनात काय काय म्हटलं होतं! मी ढसाढसा रडलो. मशीन ओलं होईल म्हणून मध्येच काढून ठेवलं.

बाईंना लिहिलेलं ते सुंदर उत्तर फाडलं. त्यांना फोन करून म्हटलं, पातळी मी लावणार नाही, पण तुमचा माणूसही नको. माझी ताई लावेल. बाई म्हणाल्या, त्या ध्वनितज्ज्ञ आहेत का? मी म्हटलं, नाही, पण तुमच्यामाझ्यापेक्षा बरं ऐकतात. मग ताईकडे गेलो. ती भाजी निवडत होती. म्हटलं, "पाच तारखेला बटण तुझ्याकडे." ती मान वर न करता म्हणाली, "पट्टी नाही ना लावणार?"

६ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. वरचे सूर बरेचसे गेलेत, परत येणार नाहीत, मशीनने थोडाफार आधार होईल. डॉक्टर ठोंब्या आहे, पण यंत्र त्याचं खरं बोलत असावं. माझं मशीन यायला अजून वेळ आहे. काल टाकीत जाण्याआधी मी दाजींना विचारलं, तुमचं द्याल का. त्यांनी पहिल्यांदाच नाही म्हटलं. "आज मला लागेल, उस्ताद. ऐकायचंय."

टाकी भरली होती. घंटावाला पहिल्या रांगेत, बाई नव्या शालीत, बाहेरचे निमंत्रक गंभीर चेहरे करून, आधीपासूनच सगळं कळल्यासारखे. एकेकाला पाहून अजूनही माझ्या कपाळाला आठ्या पडतात. ती सवय जाईल असं वाटत नाही.

या वेळी मी लोकांकडे पाठ केली नाही. पत्रा फिरवून ठेवला, ताई दिसेल असा. गज ओढला. बोटांना कंप कळला, म्हणजे सूर निघत होता. कानांत काही नाही. मी ताईच्या हाताकडे पाहत राहिलो. तिने बटण जरा वर नेलं, थांबली, मान कलती केली, केसभर खाली आणलं. मग हात मांडीवर ठेवून दिला आणि डोळे मिटले. मला शंका आली, सूर आहे ना? पण तिसऱ्या रांगेत दाजी डोळे सताड उघडे ठेवून पुढे वाकले होते. त्यांच्यामागे आणखी कुणी वाकलं. मग रांगच्या रांग वाकत गेली. घंटावाल्याने श्वास रोखला होता, त्याचे गाल फुगलेले दिसत होते. कुणी खोकलं नाही.

टाळ्या खूप झाल्या. बाई हात धरून काहीतरी पुटपुटल्या. मी सरळ सांगितलं, "मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं." त्यांनी मोठ्याने सांगितलं. निमंत्रकांना मी पुढच्या वर्षी तिकडे हवा आहे, माझ्या ताईंसह.

वायरी गुंडाळताना ताईला विचारलं, "ऐकू येत होता का गं?"

"येत होता."

"किती?"

तिने थोडा विचार केला. "जेमतेम. मध्येच वाटायचं, गेला की काय. मग कान लावला की असायचा."

आयुष्यभर मला हेच हवं होतं. काल ते झालं. एवढ्या मोठ्या टाकीत ते ज्याला ऐकू आलं नाही असा मी एकटाच होतो. ताईला म्हटलं, घरी जाईपर्यंत परत परत सांग, कसा होता.